पेशींचा सालगडी

तो पिंगळीच्या स्टेशनावर पॅसेंजरमधून उतरला की दोन माणसं तरी शर्टाची बाही वर सारून उभी राहतात. बीपी मोजून घ्यायला. त्याच्याकडे यंत्र नसतं. पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप असतो, मळका पांढरा कोट असतो आणि परत जाताना आई शेंगदाण्याची चटणी भरून देणार म्हणून एक रिकामी बरणी असते.

"मी तसला डॉक्टर नाही हो, आबा."

"मंग कसला?"

या प्रश्नाचं उत्तर तो सात वर्षं शोधतो आहे. विद्यापीठात त्यालाच संशोधन म्हणतात.

मी त्याचा शाळेतला गुरुजी. शाळेच्या कपाटातला एकुलता एक सूक्ष्मदर्शक काढून कांद्याचा पापुद्रा त्याला पहिल्यांदा मीच दाखवला, म्हणजे या गुन्ह्यात माझाही हात आहे. बाकीची पोरं पाहून पळाली. हा डोळा लावून बसला तो घंटा झाली तरी उठेना. पुढे परभणीला बी.एस्सी., मग एम.एस्सी., आणि आता कॅन्सरच्या पेशींवर पीएच.डी. कुठल्या विद्यापीठात ते सांगत नाही, कारण प्रबंध अजून जमा व्हायचा आहे. पुण्याकडचं आहे, एवढं पुरे.

गावाची अडचण मला कळते. कृषी विद्यापीठ इथं परभणीत आहे. त्यांनी 'परभणी क्रांती' नावाची भेंडी काढली, तिच्यावर केवडा लवकर पडत नाही, आणि शिवाय ती खाता येते. यानं काय काढलं? तर तीन पोस्टर आणि एक चष्मा.

त्याचं काम गावात पहिल्यांदा कुणाला कळलं असेल तर त्याच्या वडिलांना. एका दिवाळीत हा भाऊबीज टाकून निघाला. का, तर पेशींचं पाणी बदलायचं होतं. पेशी प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत वाढतात, लालसर पातळ खाद्यात. दर दोन-तीन दिवसांनी ते खाद्य बदलावं लागतं, नाहीतर ते पिवळं पडतं आणि पेशी मरतात. त्यांना ३७ अंश ऊब लागते, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो आणि सुट्टी अजिबात चालत नाही. बहीण रडली, चुलते चिडले. वडील मात्र म्हणाले, "जाऊ द्या त्याला. जित्राब उपाशी ठेवून सण होत नसतो."

आमच्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो. वर्षाची रक्कम, वर धान्य, चपलेचा जोड. आणि मग वर्षभर रात्री-अपरात्री वैरण टाकायला उठायचं ते त्यानंच. याचं साल पाच वर्षांचं ठरलं होतं. महिन्याचा आकडा ऐकून पारावर थोडा वेळ शांतता पसरली होती. पण ती रक्कम कधी चार महिन्यांनी येते, कधी सहा, आणि आली की त्यातून आधी मेसवाल्याचं देणं फिटतं, हे पाराला कोण सांगणार? आता पाच वर्षं सरली, फेलोशिप संपली, पेशी संपल्या नाहीत. हा बिनपगारी वैरण टाकतो आहे.

आईचा प्रश्न निराळा. ह्या पेशी कुणाच्या? यानं सांगितलं, अमेरिकेतल्या एका बाईच्या. सिस्टर कॅथरिन फ्रान्सिस मॅलन, ख्रिस्ती जोगीण. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. १९७० साली ती वारली, पण तिच्या पेशी मिशिगनच्या कॅन्सर संस्थेत वाढवायचा प्रयत्न झाला. सहा वेळा फसला, सातव्यांदा जमला, म्हणून त्या पेशींचं नाव एमसीएफ-७. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढतच आहेत. याच्याकडे आल्या त्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून.

आई बराच वेळ पोळी लाटत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे ती जाऊन पन्नास वर्षं झाली आन् तू तिला आजून जेवू घालायलास?"

"तसंच म्हण."

"मंग असं सांग ना लोकाला, की पित्तर घालतो."

तेव्हापासून त्या घरात सर्वपित्री अमावस्येला एक पान जास्तीचं वाढलं जातं. त्या खाद्यात जे सिरम घालतात ते कशापासून काढतात, हे मात्र यानं आईला सांगितलेलं नाही. गाय आणि तिचं न जन्मलेलं वासरू यांचा त्याच्याशी संबंध आहे. घरात पंढरीची वारी आहे. हे ज्यांनी वाचलं त्यांनी पिंगळीत बोलू नये.

मागे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला गेलो तेव्हा त्याची प्रयोगशाळा पाहून आलो. आत शिरताच पहिलं ओळखीचं काय दिसलं असेल, तर द्रवरूप नायट्रोजनचा पिंप. उणे १९६ अंश. झाकण काढलं की वाफ उसळते. आमच्या गावात गायी भरवायला येणाऱ्या माणसाच्या मोटारसायकलला अगदी तसाच कंटेनर बांधलेला असतो, फक्त लहान. त्यात वळूचं वीर्य गोठवलेलं असतं, यात पेशी. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकर, हेही लगेच कळलं. वाटलं, हे सगळं आपल्याकडे आहेच की, फक्त किंमत कमी आहे.

आमच्याकडे म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी. हे का म्हणतात त्याचा खुलासा मला आजवर कुणी धड केला नव्हता. तो तिथं झाला. त्याच्या हातातलं पिपेट जर्मनीचं. अंगठ्यानं दाबायचं हे पिपेट १९५७ साली मारबुर्गच्या हाइनरिश श्निट्गर नावाच्या माणसानं बनवलं. तोपर्यंत लोक काचेच्या नळीनं तोंडानं द्रव ओढत असत, रोगजंतूंसकट. ते कारखान्यात बनवून विकलं हॅम्बुर्गच्या एपेनडॉर्फ कंपनीनं. आता करंगळीच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या त्या झाकणाच्या नळीलाही सगळे 'एपेनडॉर्फ'च म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. दिवसभर जर्मनीचं बटण दाबून दाबून परभणीचा अंगठा सुजतो. म्हण खरी आहे, फक्त क्रम लक्षात ठेवावा.

प्रयोगशाळेत माणसं सहा, पण चालते ती एकावर. ते मामा. पदानं परिचर, शिक्षण त्यांनी कधी सांगितलं नाही. कुठलं यंत्र कुठल्या बाजूला थोपटलं की चालतं, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कुठल्या विभागातून न विचारता आणता येतो, कुठल्या कारकुनाला सकाळी अकराच्या आत भेटू नये, हे ज्ञान कुठल्याच प्रबंधात सापडत नाही. खंडेनवमीला ते पीसीआर यंत्राला झेंडूचा हार घालतात, उणे ८० अंशांच्या फ्रीजरवर कुंकवाची पाच बोटं उमटवतात. एका वर्षी एका नव्या मुलीनं याला अंधश्रद्धा म्हणून विरोध केला. त्याच आठवड्यात फ्रीजर बंद पडला. कारण वायरिंगचं होतं, पण पुढल्या दसऱ्याला हार त्याच मुलीनं आणला.

सर म्हणजे मार्गदर्शक. ते सभेत असतात. मी तिथं होतो तेवढ्या वेळात ते सभेला गेले, सभेतून आले आणि दुसऱ्या सभेला गेले. मधल्या वेळात त्यांनी याच्या आलेखाकडे पाहून "हं" म्हटलं. त्या "हं"चा अर्थ काय, यावर चौघांनी चहाच्या टपरीवर पाऊण तास चर्चा केली. माणूस वाईट नाही. मार्चएंडला निधी परत जाऊ नये म्हणून रात्री दहापर्यंत स्वतः कोटेशनं लावत बसतो.

मला तिथं हाफकिन आठवले. १८९६च्या ऑक्टोबरात मुंबईत प्लेगवर लस शोधायला ते आले, तेव्हा सरकारनं त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात जेमतेम जागा, एक कारकून आणि तीन शिपाई दिले. १० जानेवारी १८९७ला त्यांनी लस स्वतःलाच टोचून घेतली. तीन महिने! मी हे याला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो म्हणाला, "गुरुजी, त्यांना तीन शिपाई होते."

आता मूळ दुखण्याकडे येतो. याचा विषय हळद. हळदीतलं कर्क्युमिन कॅन्सरच्या पेशी मारतं का? आमच्या शेजारी वसमतला हळदीचा केवढा बाजार. हळदीवरून अमेरिकेशी भांडून माशेलकरांच्या सीएसआयआरनं १९९७ साली तिथलं पेटंट रद्द करवलं. असा विषय सोडतो कोण? पण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. (आजी म्हणाली, "दुधात टाक." आजीचं बरोबर होतं, ते स्निग्धात विरघळतं.) पोटातून अंगी लागत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते लबाड आहे. पेशी जगल्या की मेल्या हे पाहायला एक पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. कर्क्युमिन पेशींना न विचारता स्वतःच तो रंग काढतं. आठ महिन्यांचे आलेख असे एका दुपारी गेले. २०१७ साली अमेरिकेतल्या काही रसायनशास्त्रज्ञांनी १२०हून जास्त चाचण्यांचा हिशेब मांडून सांगितलं, की या पदार्थामागे वेळ घालवण्यात राम नाही. तो लेख यानं प्रवेश घेतल्यावर वाचला.

गावाला यातलं काही ठाऊक नाही. गावाला एवढंच दिसतं, की वय एकतीस, बोटं पिवळी, आणि लग्न नाही. पारावर कुणीतरी म्हणालं, "हाताला बारा महिने हळद, अंगाला कधी लागायची?" ते वाक्य आता गावभर झालं आहे. मुली पाहायला जातात तिथं पहिला प्रश्न, "डॉक्टर ना? दवाखाना कुठं टाकला?" यानं खरं सांगितलं, की पोह्यांची बशी आत जाते.

मी एका ठिकाणी मध्यस्थ म्हणून गेलो होतो. मुलीच्या वडिलांना कमल रणदिवे यांची गोष्ट सांगितली. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, फर्ग्युसनात शिकलेल्या. वडिलांची इच्छा, की मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. तिनं दोन्ही केलं नाही. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवायला शिकली, मुंबईत येऊन देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली, १९८२ला पद्मभूषण झाली. मी बराच रंगलो होतो. मुलीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् यजमान काय करायचे त्यांचे?"

"गणिती होते."

"म्हंजे त्यांना पगार होता."

यावर मला बोलता आलं नाही. मुलगी मात्र दाराआडून ऐकत होती आणि तिनं एकच विचारलं, "त्या पेशी दाखवता येतील का?" यानं मोबाइल काढून तिला फोटो दाखवले, चांगले वीस-पंचवीस. एकही माणसाचा नव्हता. ते स्थळ पुढं का सरकलं नाही ते मला कळलं नाही; मला तर वाटलं होतं जमलं.

तर पिंगळी, परभणी, पूर्णा या बाजूला कुणाच्या पाहण्यात सूक्ष्मदर्शकातून पाहायची हौस असलेली मुलगी असेल, तर कळवावं. मुलगा निर्व्यसनी, स्वभावानं गरीब, घरची पाच एकर काळी जमीन. पाहायचा कार्यक्रम शक्यतो रविवारी ठेवू नये. त्या दिवशी सकाळी पेशींचं पाणी बदलायचं असतं.