शाल भेटली, पेट्रोल कोण देईन?

"ऐकलं का वं ताई, आमच्या दादाले पुरस्कार भेटला!"

शेजारच्या वैनींनी भिंतीवरून तुरीच्या शेंगांची टोपली पुढे केली आणि शेंगांच्या आधी बातमी दिली. वैनींचं माहेर तेल्हाऱ्याकडचं, अकोला जिल्ह्यातलं. दादा तिथं एका पेपरचा वार्ताहर. आम्ही पडलो अमरावतीकर, त्यामुळे अकोल्याची बातमी आम्हाला जरा तिखटमीठ लावूनच लागते.

"कोणता पुरस्कार?"

"उत्कृष्ट पत्रकार. अकोल्यात मोठा हॉल केलता. शाल, श्रीफळ अन् हे एवढं काचेचं स्मृतिचिन्ह. पन आमची वहिनी म्हणे, आता हे ठेवू कुठी? फ्रिजवर पयलेचेच चार हायेत, दार उघडलं का सारे थरथरतेत."

"अन् पैसे किती भेटले?"

वैनींनी रस्त्याकडे पाहिलं, आवाज उतरवला. "भेटले कायचे, लागले! नोंदणीची पावती फाडा लागली. फोटोवाल्याचे अलग."

आपल्याकडे जानेवारीत हा हंगामच असतो. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, म्हणून तो दिवस पत्रकार दिन. बिचाऱ्या बाळशास्त्रींना काय ठाऊक, त्यांच्या नावावर दोनशे वर्षांनी शालीचे गठ्ठे खपतील!

"वैनी, ते रेतीची बातमी केली होती नं दादानं, तिच्यावर भेटला का?"

"तेच तं सांगून राह्यली. ते छापूनच नाई आली!"

मग वैनी भिंतीला टेकल्या. पूर्णेच्या काठावर दादा रात्री-रात्री बसला होता. पोरीच्या जुन्या वहीत मोबाइलच्या उजेडात टिप्परचे नंबर लिहायचा, वेळ लिहायचा. मागच्या पानांवर पोरीचे पाढे, पुढच्या पानांवर बापाचे टिप्पर. नंतर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला: दहा रुपये फी, तीस दिवस वाट, मग पानामागं दोन रुपये भरून रॉयल्टीच्या पासांच्या प्रती. वही आणि पास जुळवले तर ताळमेळ कुठंच नाही. बातमी पाठवली. वरून फोन आला, थांबा जरा, त्या टिप्परवाल्याची वाढदिवसाची पुरवणी आहे आपल्याकडे. आणि त्या पुरवणीच्या जाहिराती गोळा करायचं काम कोणाकडं? दादाकडंच. मानधनात महिन्याचं पेट्रोल निघत नाही, घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर.

"मंग पुरस्कार कायचा देल्ला?"

"सामाजिक बांधिलकीचा," वैनी म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो. तशी हसण्यासारखी गोष्ट नव्हती.

सगळेच पुरस्कार असे नसतात, हे मी वैनींना सांगितलं. राज्य सरकारचा अमरावती विभागासाठीचा पुरस्कार आहे, लोकनायक बापूजी अणे यांच्या नावाचा. हे अणे वणीचे, वकिली यवतमाळला, आणि १९१८ साली तिथंच त्यांनी 'लोकमत' साप्ताहिक काढलं. नाव टिळकांनी सुचवलेलं. इंग्रजांच्या राज्यात पेपर काढायचा, म्हणजे जप्ती कधी येईल याचा नेम नाही. त्या माणसाच्या नावाचं बक्षीस आज सरकार देतं. सरकारची उलटतपासणी करणाऱ्याला सरकारनंच शाल पांघरायची, हे मला आपलं अवघडच वाटतं. वैनींना नाही वाटलं. "देऊ द्या नं बाप्पा, चेक तं वटते!"

"पन ताई, ते साईनाथ येत जाये आपल्याकडं, त्याईलेही पुरस्कार भेटलाच न?"

भेटला. २००७ चा मॅगसेसे. पण मला विचाराल तर पत्रकार पी. साईनाथांना खरा आधार झाला तो १९९३ च्या फेलोशिपचा. टाइम्स ऑफ इंडियानं पैसे आधी दिले, बातम्या मागून आल्या. देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत हा माणूस ८०,००० किलोमीटर फिरला, त्यातले ५,००० वर पायी. त्यातून १९९६ साली पुस्तक झालं, मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना'. आणि त्या पुस्तकाच्या रॉयल्टीतून त्यांनी गावपातळीवरच्या पत्रकारांना बक्षिसं द्यायला सुरुवात केली. ज्याला मिळालं त्यानं खालच्याला द्यावं, ही रीत मला आवडली.

"रॉयल्टी म्हणजे रेतीचीच न?"

"नाई वं, पुस्तकाची!"

२००६ ची गोष्ट वैनींना माहीत नव्हती. मुंबईत फॅशन वीकमध्ये सुती कपड्यांचा थाट होता आणि तो टिपायला ५१२ पत्रकार. तो कापूस पिकवणारे इकडे जीव देत होते, तर त्यांच्यासाठी बाहेरून आलेले पत्रकार बोटावर मोजण्याइतके. हे साईनाथच सांगत फिरले. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग आपल्या धामणगावला आले आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात शेतकऱ्यांना दुभती जनावरं वाटली. कोरडवाहूवाल्याच्या दारात महागडं जनावर, चारा आणायचा कुठून? वर्धा जिल्ह्यातल्या एका बाईची तक्रार साईनाथांनी लिहिली: घरातली सगळी माणसं मिळून खात नाहीत तेवढं हे एकटं खातं. शेजाऱ्याला देऊन टाकलं तर त्यानंही परत आणून बांधलं.

वैनी पोट धरून हसल्या. "हे तं मुंबईत बसून नाई भेटत!"

तेच की. आणि ते जनावर त्या गोठ्यात नंतर वर्षभर काय खातं, हे पाहायला दिल्लीचा माणूस थांबत नाही. तिथं दादाच लागतो. पण त्याचं पेट्रोल कोण भरणार?

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तो परवा फोनवर सांगत होता की अमेरिकेत गावोगावचे पेपर बंद पडले म्हणून २०२३ मध्ये मोठ्या-मोठ्या दानसंस्था एकत्र आल्या आणि 'प्रेस फॉरवर्ड' नावानं ५० कोटी डॉलर स्थानिक बातम्यांसाठी काढले. म्हणे, मावशी, मीही तुझ्या त्या अकोल्याच्या पत्रकाराला काही पाठवू का?

"हाव म्हना, हाव म्हना!" वैनी.

"आधी त्याला विचारलं, पासपोर्ट कोणता? तो म्हणे, दोन वर्षांपूर्वी अमेरिकेचा घेतला. मग झालं. आपला २०१० चा विदेशी देणग्यांचा कायदा आहे. पेपरच्या वार्ताहराला, संपादकाला, मालकाला परदेशी देणगी घेता येत नाही. पासपोर्ट भारताचा असता तर गोष्ट वेगळी."

"म्हणजे पोरगा आपला, पैसा परका?"

इथं मला उत्तर सुचलं नाही. देशातही दानशूर नाहीत असं नाही. अझीम प्रेमजी, रोहिणी निलेकणी यांच्यासारख्यांच्या पैशावर बंगळुरूला २०१५ पासून स्वतंत्र पत्रकारितेला निधी देणारी संस्था आहे. २०२२ च्या सप्टेंबरात तिच्या दारातही आयकरवाले येऊन गेले. शिवाय बंगळुरूहून तेल्हारा लांब पडतं. अर्ज इंग्रजीत असणार, आणि दादाचं सगळं काम मराठीत, तेही बरंचसं पोरीच्या वहीत.

"मंग आपणच काऊन नाई जमवत?" वैनींनी शेंग सोलता सोलता डाव टाकला. "गाडगेबाबांनी काय केलं? लोकायकडूनच घेऊन धर्मशाळा बांधल्या. आपल्याकडं भंडाऱ्याले पोत्यानं तांदूळ येते. घरामागं शंभर रुपये काढले तं दादाचं पेट्रोल निघीन, अन् वकिलाचंही."

"वकील कायले?"

"नोटीस आली न ताई, अब्रूनुकसानीची. बातमी छापून आली नाई तरी आली!"

मी म्हटलं, निघतील शंभर रुपये. पण वैनी, आपल्या गणपतीला सगळ्यात जाड वर्गणी कोण देतो?

वैनी थांबल्या. "तो... टिप्परवालाच."

"तोच इथंही देईल. आनंदानं देईल."

"मंग देणाऱ्यायची यादी छापा लागीन, नावासगट."

"तो बायकोच्या नावानं देईल."

"तिले मी वळखतो," वैनी म्हणाल्या आणि टोपली रिकामी करून परत मागितली.