पहिलटकर

काही माणसांना कशातलंही पहिलंच तेवढं खरं वाटतं. मिसळ हॉटेल उघडलं त्या वर्षीची, नाटक पहिल्या संचातलं, हेडमास्तर शाळा निघाली तेव्हाचे. त्यानंतरचं सगळं उतरत्या भाजणीचं. अशी माणसं गावोगाव असतात आणि नाट्यसंगीतावर नाही तर क्रिकेटवर उसासे टाकून आपली हौस भागवतात. मालेगावच्या वाट्याला आलेला पहिलटकर मात्र डेथ मेटलचा निघाला.

मुनीमजी म्हणून त्यांना सगळे ओळखतात. मोसम नदीच्या अलीकडे कॅम्पात घर, पलीकडे सुताच्या पेढीवर हिशेब लिहायची नोकरी. वय पन्नाशीच्या पुढे, कपाळाला गंध, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन. उन्हाळ्यात घाम आला की पांढऱ्या सदऱ्यातून आतला काळा टी-शर्ट दिसू लागतो. त्यावर एका बँडचं नाव आहे. कुठल्या, ते कोणालाच वाचता येत नाही. नाव वाचता आलं की तो बँड विकला गेला, असं मुनीमजी समजतात.

डेथ मेटल ज्यांनी ऐकलेलं नाही (म्हणजे मुनीमजी सोडून बहुतेक मालेगाव) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिटारी खालच्या पट्टीत उतरवलेल्या, ड्रमवर दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी तुटून पडलेले, आणि गायक गात नाही, गुरगुरतो. विषय मढी, थडगी, सैतान. हा प्रकार 1980 च्या दशकात अमेरिकेत मिसरूड फुटत असलेल्या पोरांनी काढला. त्यांतला पहिला अल्बम कोणता, यावर जगभर दोन तट आहेत. मालेगावात श्रोते दोनच आहेत, त्यामुळे इथेही दोन तट आहेत.

पहिला तट मुनीमजींचा. त्यांच्या मते ऑक्टोबर 1985 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूच्या 'पझेस्ड' या बँडचा 'सेव्हन चर्चेस' आला आणि तिथे विषय संपला. गायक जेफ बेसेरा आणि गिटारवाला लॅरी लालॉन्ड तेव्हा शाळेत होते. ईस्टरच्या सुट्टीत जाऊन पोरांनी अल्बम रेकॉर्ड केला. शेवटच्या गाण्याचं नावच 'डेथ मेटल'. "अहो, बारशाचा दाखला जोडलाय सोबत, आणखी काय पुरावा पाहिजे?" असं म्हणून मुनीमजी लाल पेनाने टेबलावर टिचकी मारतात. घरच्यांना नावावरून वाटलं होतं, ख्रिस्ती भजनं असतील. निदान पोरगा देवाधर्माचं ऐकतोय, या समाधानात पहिले काही दिवस बरे गेले.

दुसरा तट सेठचा. सेठ म्हणजे नदीपलीकडचे लूमवाले, पेढीचं जुनं गिऱ्हाईक, मुनीमजींच्याच वयाचे. त्यांचं म्हणणं असं की 'सेव्हन चर्चेस' हा डेथ मेटलच्या आधीचा थ्रॅश मेटलच आहे, फक्त गायकाला सर्दी झालेली आहे. पहिला खरा डेथ मेटल अल्बम 1987 चा, 'डेथ' या फ्लोरिडाच्या बँडचा 'स्क्रीम ब्लडी गोर'. चक शुल्डिनर तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा. गिटार त्याची, बेस त्याचा, आवाज त्याचा. ड्रमवर तेवढा ख्रिस रायफर्ट. आधी फ्लोरिडात केलेलं रेकॉर्डिंग कंपनीला पसंत पडलं नाही, म्हणून कॅलिफोर्नियात जाऊन पुन्हा केलं. "मुनीमजी, आदमी ने दो बार बनाया। आपके वाले छुट्टी में टाइमपास कर रहे थे।"

"दोनदा केलं म्हणजे पहिलं राहिलंच कुठे?" मुनीमजी विचारतात. "आणि काय हो सेठ, तुमच्या त्या अल्बमवर जॉन हँडचं नाव छापलंय गिटारवाला म्हणून. त्याने एक तरी तार छेडली का? आमच्या पेढीवर अशी खोटी नोंद चालत नाही."

खरी गंमत अशी की दोन्ही अल्बमांचा निर्माता एकच, रँडी बर्न्स. ही बाब दोघांनाही ठाऊक आहे. पण ती काढली तर समेटाचा धोका आहे, म्हणून दोघंही तिला हात लावत नाहीत.

वाद शुक्रवारी होतो. शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे मालेगावात त्या दिवशी माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येतं. मोसम पुलाजवळच्या चहाच्या हॉटेलात हे दोघं आमनेसामने बसतात. मुनीमजी मराठीत बोलतात, सेठ मालेगावी उर्दूत. दोघांना दोघांचं पूर्ण कळतं आणि दोघांना दोघांचं अजिबात पटत नाही. हॉटेलवाल्याची आधी समजूत होती की हे सुताच्या भावावरून भांडतात. एकदा 'मौत', 'थडगं', 'खून' असे शब्द लागोपाठ कानावर पडल्यावर त्याने घाबरून चहा फुकट दिला.

मुनीमजींचं तत्त्वज्ञान मात्र एका अल्बमपुरतं नाही. पझेस्डचा दुसरा अल्बम, 1986 चा 'बियॉन्ड द गेट्स', त्यांनी ऐकला तो केवळ पहिला किती चांगला होता याची खात्री करून घेण्यासाठी. चक शुल्डिनरबद्दल तर त्यांचं मत असं की 1991 च्या 'ह्यूमन'पासून तो नीट वाजवायला शिकला आणि वाया गेला. 'रेकॉर्डिंग स्वच्छ आहे' ही त्यांच्या तोंडी शिवी आहे. स्वतःच्या मुलांविषयीही ते याच पद्धतीने बोलतात. "थोरला खरा. धाकट्यात प्रॉडक्शन जास्त झालंय." धाकटा पुण्याला असतो आणि फोनवर स्पष्ट उच्चारात बोलतो, एवढाच त्याचा गुन्हा.

गावातल्या सिनेमालाही सुटका नाही. शेख नासिर यांनी 2000 मध्ये 'मालेगाव के शोले' काढला, त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून आले आणि गाव वेडं झालं. पुढे मालेगावी सुपरमॅन झाला, त्याच्यावर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला, आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरांत लागला. गावाची छाती फुगली. मुनीमजींची फुगली नाही. "सायकलीपर्यंत ठीक होतं," ते म्हणाले. "सुपरमॅन उडवायला हिरवा पडदा लावला ना, तिथेच बिघडले."

महाराष्ट्राच्या मेटलवर त्यांचा राग नाही, पण लोभही नाही. मुंबईच्या 'भयानक मौत'चं नाव त्यांना आवडतं. पेढीवर उधारी बुडाल्याची बातमी आली की ते हेच दोन शब्द उच्चारतात. 'डेमॉनिक रिझरेक्शन' या मुंबईच्याच बँडने 2017 मध्ये 'दशावतार' नावाचा अल्बम काढला, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर. घरच्या विरोधाला उतारा म्हणून मुनीमजींनी तो आईला ऐकवला. माउली कसमादे भागातली, घरात अहिराणीच बोलणारी. एरवी मुलाच्या खोलीतून गुरगुर सुरू झाली की तिचा ठरलेला प्रश्न: "हाई काय शे रे? कोनले मारी राह्यनात?" पण नृसिंहाचं गाणं लागलं तेव्हा तिने हातातली लसूण बाजूला ठेवली, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली की खांबातून येणारा देव असाच बोलणार, मंजुळ कसा बोलेल? हा गाणारा, साहिल मखीजा, 'हेडबँगर्स किचन' नावाने स्वयंपाकही शिकवतो हे कळल्यावर तर तिच्या लेखी तो पोरगा मार्गी लागला. मुनीमजी मात्र हळहळले. "आई, यांचा हा पहिला अल्बम नाही गं."

मागे एका शुक्रवारी वाद फारच हातघाईवर आला आणि तिऱ्हाइताचा निवाडा घ्यायचं ठरलं. सेठच्या कारखान्यातला मिस्त्री बोलावला. हा माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा राहून, आतला कितवा लूम आजारी आहे ते नुसत्या आवाजावरून सांगतो. आयुष्यात त्याने गाणं म्हणून काही ऐकलं असेल तर लग्नातला बँड. बंद लूमांच्या मधे, कांड्यांच्या पेटीवर फोन ठेवला आणि आधी 'सेव्हन चर्चेस' लावला. मिस्त्रीने डोळे मिटले. तेलाचं फडकं हातात तसंच. मिनिटभराने त्याची मान ठोक्यावर हलायची ती थांबली, पुन्हा हलली, पुन्हा थांबली.

"मशीन गरम होने के बाद एक ठोका पीछे जा रही है," तो म्हणाला. "पट्टा ढीला है।"

पझेस्डचा ड्रमवाला माइक सस तालात सैल पडतो, अशी तक्रार जगातले कानसेन वर्षानुवर्षं करत आले आहेत. मिस्त्रीने ती फडकं हातातलं न सोडता केली. सेठ खुर्चीवरून उठलेच. "देखा! ढीला!" मुनीमजी डगमगले नाहीत. "ढिलाच आहे! म्हणून तर कळतं ना, आत माणूस आहे ते!"

मग 'स्क्रीम ब्लडी गोर' लागला. मिस्त्रीने पुन्हा डोळे मिटले, पण लगेच उघडले आणि फडक्याने हात पुसायला लागला.

"ये बराबर चल रहा है।"

"मग?" मुनीमजींनी विचारलं.

"मग काय, सेठ? बराबर चल रहा है तो उसमें क्या सुनना?"

या एका वाक्यावर दोघंही जिंकले आणि दोघंही घरी गेले.

मिस्त्रीचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी मुनीमजींना विचारलं की तुम्ही 'सेव्हन चर्चेस' पहिल्यांदा ऐकला कुठे. त्यांचा एक मावसभाऊ मुंबईला होता, धोबी तलावाच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉकला जाणारा. त्याने सुट्टीत येताना कॅसेट भरून आणली होती. नवी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून काकांच्या कीर्तनाच्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरली होती. अल्बम जेमतेम चाळीस मिनिटांचा. त्यामुळे दुसऱ्या बाजूला शेवटचं 'डेथ मेटल' हे गाणं संपलं की थोडी खरखर व्हायची आणि बुवा निरूपणाच्या अगदी मध्यावर अवतरायचे. मागोमाग टाळ आणि मृदंग. कॉलेजातल्या मुनीमजींनी ती कॅसेट झिजेपर्यंत वाजवली. पुढे कमावते झाल्यावर मूळ सीडी मागवली, कान लावून बसले, शेवटचं गाणं संपलं, आणि पुढे काहीच आलं नाही.

"कापलंय," ते मला आवाज खाली आणून म्हणाले. "कंपनीने शेवट कापलाय."

बुवा काही पझेस्डमध्ये नव्हते, हे त्यांना समजत नाही असं नाही. पण सीडी ऐकताना त्यांचा हात अजूनही शेवटच्या गाण्यानंतर आवाज वाढवायला जातो. तेव्हा मला उमगलं की मुनीमजींच्या बाबतीत 1985 की 1987 हा प्रश्न गौण आहे. त्यांच्या खोलीत, त्यांच्या टेपवर, जे आधी वाजलं ते पहिलं. सेठच्या हाती आधी 'स्क्रीम ब्लडी गोर' पडला असणार, एवढंच. पहिलटकराचा इतिहास त्याच्या स्वतःपासून सुरू होतो. पुरावे तो नंतर गोळा करतो.

पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता, कारण तोवर भलतंच संकट ओढवलं. गेल्या एका शुक्रवारी सेठ आले, बसले, चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "मुनीमजी, मैंने फिर से सुना। आप सही हैं। पहला वही है।"

मुनीमजींचा कप ओठापर्यंत गेला होता, तो तिथेच राहिला. इतक्या वर्षांचा खटला जिंकल्याचा आनंद मी त्यांच्या तोंडावर शोधत होतो. तिथे एखादी बेरीज न जुळल्याची कळा होती.

"सेठ," ते खूप वेळाने म्हणाले, "सुताचे पैसे थकलेत म्हणून म्हणताय का?"

"तोबा, तोबा! हिसाब अलग, बात अलग।"

"मुदत पाहिजे तर मुदत घ्या. पेढीवर मी सांगतो. पण असं नका करू."

"अरे भाई, दिल से मान रहा हूँ!"

मुनीमजींनी कप ठेवला, दोन्ही पेनं खिशातून काढली, पुन्हा खोचली. मग घसा खाकरून म्हणाले, "नाही म्हणजे, तसं पाहिलं तर 'सेव्हन चर्चेस'मध्ये थ्रॅश बराच आहे. तुम्ही म्हणत होता ते अगदीच खोटं नव्हतं. खरा पहिला म्हणजे अल्बमच्याही आधीचा. डेमो. 1984 चा."

सेठने डोळे बारीक केले. "कौन सा डेमो? पझेस्ड का 'डेथ मेटल' भी चौऱ्यांशी का, और चक का 'डेथ बाय मेटल' भी चौऱ्यांशी का।"

"चकच्या बँडचं नाव तेव्हा 'मँटास' होतं. 'डेथ' नव्हतंच. तो धरता येणार नाही."

"नाम बदला, आदमी तो वही है!"

"नाव बदललं की खातं बदलतं, सेठ!"

दोघांनी खुर्च्या पुढे ओढल्या. मुनीमजींच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. हॉटेलवाल्याने न विचारता आणखी दोन चहा ठेवले आणि या खेपेला पैसे आधी मागून घेतले.