एक उरतोच

तुमच्या कट्ट्यावरही असा एक असेलच. सावेडीच्या प्रोफेसर कॉलनी चौकात आम्ही तिघे चहाला बसलो, की आमचे काका खिशातून बारा आकडी कॅल्क्युलेटर काढणारच. मोबाइलवर त्यांचा भरवसा नाही. बिल शंभर, भागिले तीन. तेहतीस, आणि पुढे पडदा संपेपर्यंत तिनांची रांग.

"आता गुणिले तीन." ९९.९९९९९९९९९९. "बघा! उरलेला गेला कुठं?"

"काका, मी सोडला तो," चहावाला म्हणतो. काका सोडत नाहीत. किराणाच्या बिलावर 'राउंड ऑफ' दिसलं की दुकानदाराला हाच प्रश्न. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब यांच्यामुळे दिवाळीला मिटतो. एका लग्नात सप्तपदी चालू असताना हे एक भागिले सात करत होते. का, तर १४२८५७ पुन्हापुन्हा येतात, आणि त्याच संख्येचा वर्ग करून दोन तुकड्यांची बेरीज केली की परत १४२८५७! अशा संख्या शोधणारे देवळालीचे कापरेकर मास्तर हे त्यांचं एकमेव दैवत. सप्तपदी बघायची राहिली ती राहिलीच.

त्यांच्या इंजिनिअर भाचीने एकदा सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर तोच हिशेब करून चक्क १०० आणून दाखवले. साधं यंत्र जागा संपली की पुढचे आकडे कापतं. हे काही आकडे पडद्यामागे राखून ठेवतं आणि दाखवताना पूर्ण करतं, असं समजावलंही. काका म्हणाले, "म्हणजे हे लपवतं. माझं निदान कापल्याचं कबूल तरी करतं." उरलेला गेला कुठं, हा प्रश्न शिल्लकच.

मग मीच एकदा खोडी काढली. म्हटलं, सात भागिले बारा करा. ०.५८३३३३... "काका, सातबारासुद्धा संपत नाही!" सगळे हसले. काका नाही हसले.

त्यांच्या वडिलांचं एकरभर रान, भाऊ तीन. चाळीस गुंठ्यांतले तेरा-तेरा वाटले, एक उरला. गुंठ्याचे आणे सोळा. पाच-पाच वाटले, पुन्हा एक उरला. त्या एकावरून धाकट्याशी बोलणं तुटलं ते तुटलंच. हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, आणि आम्ही त्यांना चिक्कू म्हणत होतो.

"गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट," परवा ते म्हणाले. "भागिले तीन, ३६३. काही उरत नाही." तरी गुणिले तीन करून पाहिलंच.

"मग धाकट्यांना सांगा की!"

"सांगितलं. म्हणतो, आधी बांध कुठून धरायचा ते ठरव."