मनगटावरची आणेवारी

होळकर संस्थान 1948 साली मध्यभारतात विलीन झाले, आणि त्याबरोबर फडणिशी, शिरस्तेदारी, जमाबंदी इत्यादी ज्या चाकऱ्यांवर इंदुरातील कित्येक मराठी घराण्यांचा योगक्षेम पिढ्यानपिढ्या चालत आला होता त्यांची वृत्तीही लयाला गेली, असे कोणास वाटत असेल तर त्याने सकाळी सहाच्या सुमारास नेहरू पार्कात अथवा पिपल्यापाल्याच्या तलावाकाठी एक फेरी मारावी. दप्तरे गेली तरी दप्तरी बाणा कसा शाबूत राहतो, आणि हिशेब ठेवावयास मुलूख उरला नाही म्हणजे तो स्वतःच्या देहाचीच जमाबंदी कशी आरंभतो, याचे प्रात्यक्षिक त्यास तेथे विनामूल्य पाहावयास मिळेल.

आमचे कॅलरीराव तेथेच भेटतात. हे कोणा एका इसमाचे नाव नव्हे. ती एक जमात आहे. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरीतून सन्मानपूर्वक निवृत्ती, उदराचा घेर त्या सन्मानाच्या प्रमाणात, आणि डाव्या मनगटावर बंगळुरूच्या चिरंजीवांनी वाढदिवसास पाठविलेले काळेभोर चौकोनी घड्याळ. पूर्वी हे गृहस्थ वाटेत भेटले म्हणजे प्रकृतीची, पावसाची, फार तर माळव्यातील गव्हाच्या भावाची चौकशी करीत. हल्ली नमस्कारासाठी उचललेला हात अर्ध्यावरच वळतो, घड्याळाचा पडदा उजळतो, आणि ‘तीनशे बारा!’ असा उद्गार कानी पडतो. त्या दिवशी भस्मसात केलेल्या उष्मांकांचा तो आकडा ऐकून आपण स्तिमित व्हावे, अशी त्यांची अपेक्षा असते.

हा आकडा घड्याळ ‘मोजते’, अशी कॅलरीरावांची अढळ श्रद्धा आहे. वस्तुतः उष्मांक मनगटावर मोजता येतच नाहीत. घड्याळाच्या पाठीशी जे हिरवे दिवे लुकलुकतात त्यांचा प्रकाश कातडीखालचे रक्त शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यास रक्ताचा लोट आला की परतणारा प्रकाश किंचित घटतो, आणि त्या चढउतारावरून नाडी गणली जाते. दुसरा एक सूक्ष्म यंत्रभाग हाताची हालचाल टिपतो. या दोन साक्षीदारांच्या जबान्या घेऊन, त्यांस वय, उंची, वजन आणि लिंग यांविषयी खुद्द मालकाने लिहून दिलेली कैफियत जोडून, घड्याळ आपला निवाडा देते. या कैफियतीतील वजनाच्या रकान्याने कॅलरीरावांस मोठ्या धर्मसंकटात टाकले होते: खरे लिहावे तर अब्रू जाते, आणि कमी लिहावे तर उष्मांक घटतात, कारण जड देह हलविण्यास अधिक शक्ती लागते हे घड्याळास पक्के ठाऊक असते. अखेर त्यांनी अब्रूवर पाणी सोडले.

पुढे व्यायामपरत्वे न्यायही बदलतो. चालताना हात झुलतात, नाडी चढते, दोन्ही साक्षीदार एकमुखाने बोलतात आणि निवाडा बराचसा विश्वसनीय ठरतो. सायकलीवर मात्र मनगट दांड्यावर स्वस्थ बसलेले असल्याने हालचालीचा साक्षीदार मुका होतो. जोर मारताना तळवा जमिनीस टेकलेला, मनगट दुमडलेले आणि स्नायू आवळलेले असल्याने नाडीचा साक्षीदारही अडखळतो, आणि अंगातून घामाच्या धारा निघाल्या तरी पडद्यावर दिवाळखोराची शिल्लक दिसते. उलटपक्षी गणेशोत्सवातील आरतीस टाळ्या वाजवाव्यात तर तीही पावले समजून घड्याळ ती आनंदाने जमेस धरते. परिणामी, वडिलांनी तालमीत शिकविलेल्या जोर-बैठका कॅलरीरावांनी ‘बेहिशेबी’ म्हणून बंद केल्या आणि आळीतील प्रत्येक आरतीस ते अग्रभागी दिसू लागले.

नाडी श्रमानेच चढते असेही नाही. ती चहाने चढते, उकाड्याने चढते, शेजाऱ्याशी झालेल्या तंट्यानेही चढते. होळकर मैदानावर 8 डिसेंबर 2011 रोजी सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध 219 धावा कुटल्या, तेव्हा कॅलरीराव प्रेक्षकांत हजर होते. त्या दिवशी आपल्या हाती हे घड्याळ असते आणि व्यायामाची कळ दाबून ठेवली असती तर बसल्या जागी किती उष्मांक पदरात पडले असते, या विचाराने ते आजही हळहळतात.

येथवर सर्व निरुपद्रवी होते. अनर्थ होतो तो सायंकाळनंतर, जेव्हा हे कागदी उत्पन्न रोख समजून खर्ची घातले जाते. इंदूरचा सराफा दिवसा सोने तोलतो आणि पेढ्यांची दारे लागली की रात्री त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, मावाबाटी आणि जिलबी यांचा दरबार भरतो. ‘आज चारशे जमा आहेत,’ असे म्हणत कॅलरीराव तेथे ज्या तोऱ्याने प्रवेश करतात तो तोरा पाहिला म्हणजे सरकारी खजिन्याच्या किल्ल्या यांच्याच कमरेस असाव्यात असा भास होतो.

आता या खजिन्याची रुजुवात करू. सत्तर किलो वजनाचा मनुष्य ताशी पाच किलोमीटरच्या चालीने तासभर चालला तर सुमारे 245 उष्मांक खर्चतो. परंतु तोच मनुष्य तो तास आरामखुर्चीत घालविता तरी सुमारे 70 उष्मांक केवळ जिवंत राहण्यापायी गेलेच असते. निव्वळ कमाई उरली 175. एक ग्रॅम तुपात नऊ उष्मांक असतात. म्हणजे तासभराच्या तपश्चर्येचे फळ वीस ग्रॅमांहूनही कमी तूप. मावाबाटीच्या पहिल्या घासातच ही जहागीर खालसा होते.

जुन्या महसुली अमलात पिकाची आणेवारी ठरविताना अंमलदार बांधावरून नजर फिरवीत आणि उभे पीक अमुक आणे असल्याचा शेरा मारीत. खरे उत्पन्न कळावयाचे तर पीक कापून, मळून, तोलून पाहावे लागे. श्वासातील प्राणवायूचा हिशेब घेणारी प्रयोगशाळा ही कापणी करते. घड्याळ मात्र बांधावरूनच शेरा मारते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात यंत्रे साठ स्वयंसेवकांच्या हातांवर बांधून 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सातांपैकी सहा यंत्रांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बिनचूक निघाली. पण उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत अचूक यंत्रही सरासरी 27 टक्के चुकले आणि सर्वांत अजागळ यंत्र 93 टक्के. ही हकीकत कानी घातली असता कॅलरीराव क्षणभर गंभीर झाले आणि म्हणाले, ‘भिया, चूक 27 टक्के असेल, पण ती माझ्याच विरुद्ध असणार. मी याहून जास्तच जाळत असेन.’

यावर स्वयंपाकघरातून आलेला अभिप्राय अधिक शास्त्रशुद्ध होता: ‘अहो, घड्याळ काय म्हणतं ते राहू द्या, विजारीचा नाडा काय म्हणतो ते बघा.’

वाचकहो, घड्याळ अवश्य बांधा. नाडी त्यास खुशाल विचारा. कालच्या चालण्याशी आजचे चालणेही ताडून पाहा, कारण एकाच अंमलदाराने एकाच शेतावर मारलेले दोन शेरे परस्परांशी तोलण्यापुरते उपयोगी असतात. मात्र त्या उष्मांकांच्या भरवशावर सराफ्यात पाऊल टाकू नका. मावाबाटी खावयाचीच असेल तर ती आवडते म्हणून खा. कमावली म्हणून खाऊ नका.