रिकामा बसलाच आहेस तर…

आपल्याकडे नुसतं बसलेल्या माणसाला फार वेळ नुसतं बसू देत नाहीत. हातात वर्तमानपत्र असलं तर चालतं. मोबाइल असला तर कुरकुर होते, पण चालतं. रिकाम्या हातांनी, ताठ पाठीने, डोळे मिटून बसलेला माणूस मात्र घराला सोसत नाही. आधी त्याला ‘बरं नाहीये का?’ असं विचारतात. बरा आहे म्हटल्यावर मटार सोलायला देतात.

हे ज्ञान मला रक्तदाबामुळे झालं. वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला तेव्हा डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, लोणचं-पापड बंद केलं आणि वर ‘टेन्शन घेऊ नका, रोज थोडं मेडिटेशन करा’ असं सांगितलं. मी अकाउंट्समध्ये नोकरीला आणि महिना मार्चचा. टेन्शन मी घेत नाही, ते इनवर्डला येतं.

आमच्या नात्यात ध्यानाचे अधिकृत प्रवक्ते म्हणजे माझे मेहुणे. ते इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आले आहेत. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि फळ. त्यानंतर रात्री पोटात काही नाही. फोन जमा, वही-पेन जमा. शेजारच्याशी बोलायचं नाही, खाणाखुणाही करायच्या नाहीत. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास तेवढा बघायचा. फी नाही, शेवटी वाटलं तर दान. मेहुणे सरकारी नोकरीत, त्यामुळे यासाठी रजाही मिळाली. दहा दिवस असं आर्य मौन पाळून आलेला हा माणूस तेव्हापासून दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोललेला नाही.

पण त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात बसली. ही विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. अर्धशिशीने इतके बेजार, की मॉर्फीन टोचून घ्यावं लागायचं. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकले. हे ऊ बा खिन कुणी मठातले भिक्खू नव्हते, चक्क ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते! आपल्या कचेरीतल्या माणसांना ते ध्यानाला बसवत. गोएंकांना त्यांनी आधी नकार दिला होता. नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, असं म्हणून. पुढे १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. अख्ख्या देशाचे हिशेब तपासूनही माणूस शांत राहू शकतो, हे ऐकून मला केवढा धीर आला. आमच्याकडे साहेब बसतात ते फक्त फायलीवर.

मार्चमध्ये दहा दिवस इगतपुरीला जातो म्हटलं असतं तर साहेबांनी मला कायमचंच मौन दिलं असतं. तेव्हा घरीच करायचं ठरवलं. आधी मोबाइलवर अ‍ॅप घेतलं. त्यातली बाई अत्यंत मऊ आवाजात मला समुद्रकिनाऱ्यावर घेऊन जायची आणि लाटा सुरू झाल्या की कर्जाची जाहिरात लागायची. जाहिरात नको असेल तर पैसे भरा. अ‍ॅप काढून टाकलं.

मग वाचनात आले जॉन कबात-झिन. यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणतणावासाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. धर्म, गुरू, गंडा काही नाही. त्यातला सुरुवातीचा एक प्रसिद्ध धडा आहे बेदाण्याचा. एक बेदाणा घ्यायचा आणि तो जन्मात पहिल्यांदा बघतोय असा बघायचा. बोटांत फिरवायचा, वास घ्यायचा, कानाशी नेऊन चोळायचा. मग जिभेवर ठेवायचा, पण लगेच चावायचा नाही. हे मला जमण्यासारखं वाटलं, कारण बेदाणे घरात होते.

रविवारी सकाळी ओट्याशी, खिडकीच्या उजेडात, मी एक बेदाणा धरून उभा राहिलो. खरंच सांगतो, बघण्यासारखा असतो. वरून तपकिरी वाटतो, पण उजेडात धरला की आतून मधासारखा पिवळा दिसतो. सुरकुत्या एका टोकाकडे गोळा होत जातात आणि तिथे देठाची बारीकशी काडी अडकलेली असते. मी त्या काडीपर्यंत पोचलो होतो.

‘कीड आहे का?’ मागून आई.

‘नाही.’

‘मग काय बघतोयस?’

‘बेदाणा.’

आईने चष्मा लावला, बेदाणा माझ्या हातातून घेतला आणि सुनेला हाक मारली. ‘अगं, परवाच्या पुड्यात कीड निघालीय बहुतेक. हा सांगत नाहीये.’ पुढच्या मिनिटाला अख्खा पुडा वर्तमानपत्रावर उपडा झाला. दोघी दोन बाजूंना बसल्या आणि एकेक बेदाणा उचलून, उजेडात धरून, फिरवून, वास घेऊन बाजूला ठेवू लागल्या. चांगला अर्धा तास. मध्ये कुणी चकार शब्द बोललं नाही. कबात-झिन तिथे असते तर दोघींना जागेवर प्रमाणपत्र मिळालं असतं. कीड निघाली नाही. तरी शंका नको म्हणून पुडा बदलून आणायला मला पाठवलं, आणि ‘कीड दाखवा, मग बदलतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराशी झालेल्या संवादात बेदाण्यापासून मिळालेली सगळी शांती खर्ची पडली.

मग श्वासाकडे वळलो. यातलं शास्त्र सोपं आहे. श्वास आत घेताना नाडी जराशी जलद होते, सोडताना मंदावते. मनगटावर बोटं ठेवून कुणीही बघावं. म्हणून सोडायचा तो सावकाश, लांबवून. एकट्या माणसाला हे उत्तम. भरल्या घरात लांब श्वास सोडून बघा! बायको विचारते, ‘कुणाचा फोन होता?’ आई म्हणते, ‘तिन्हीसांजेला सुस्कारे टाकू नये.’ लोकलमध्ये करावं, तर डोळे मिटून बसलेला माणूस चौथ्या सीटसाठी सरकायला नको म्हणून झोपेचं सोंग घेतोय, यावर डोंबिवली ते दादर सगळ्यांचं एकमत असतं. मग ढोपराने ध्यान मोडलं जातं.

बरं, बाहेरचे गप्प बसले तरी आतलं काय? विचार येतील, त्यांना हाकलू नका, नुसतं बघा, असं सांगतात. माझ्या डोक्यात सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं चालतं. विषयपत्रिकेवर विषय एकच, श्वास; बाकी सगळे आयत्या वेळचे. गॅसचा नंबर लावला का, जीएसटीचं रिटर्न, मिक्सरचं भांडं टाकलंय ते आणायचंय, १९९४ मध्ये एका चुलतभावाने लग्नात केलेला अपमान. आयत्या वेळच्या विषयांना अध्यक्षांची परवानगी लागते म्हणतात, पण इथे अध्यक्षच पेंगत असतात.

तरी खोटं कशाला बोलू, उपयोग होतो. साहेबांची खवचट मेल आली की पूर्वी उत्तर आधी टाइप व्हायचं आणि राग आला होता हे मागाहून कळायचं. आता राग येताना दिसतो. कानाच्या पाळ्या गरम होतात, जबडा आवळतो, ते सगळं दिसतं. उत्तर तेच जातं, पण शुद्धलेखन सुधारलंय.

प्रश्न राहिला जागेचा, आणि तो सुटला देव्हाऱ्यापाशी. एका सकाळी बाकी कुठेच जागा नव्हती म्हणून देवासमोर पाट घेतला, उदबत्ती लावली आणि डोळे मिटले. चमत्कार झाला! टीव्हीचा आवाज आपोआप खाली आला. मुलगा दबक्या पावलांनी गेला. वर्गणी मागायला आलेल्या सेक्रेटरींना आईने दारातून सांगितलं, ‘तो पूजेला बसलाय,’ आणि ते चप्पल न काढता, हात जोडून परत गेले. त्याच जागी, त्याच आसनात मी ‘ध्यान करतोय’ असं सांगितलं असतं तर त्यांनी आत येऊन पाणी मागितलं असतं. आपल्या घरांत स्वतःसाठी बसलेल्याला किंमत नाही. देवाच्या नावावर बसा, अख्खी बिल्डिंग अदबीने वागते.

हे सुख आठवडाभर टिकलं. मग आई म्हणाली, ‘रोज समोर बसतोस आणि देव पारोसे. रिकामा बसलाच आहेस तर पूजाच करून टाकत जा.’ तेव्हापासून सकाळी ताम्हन, पंचपात्री, बाळकृष्ण आणि आजोळहून आलेली अन्नपूर्णा माझ्याकडे आहेत. रविवारी चिंचेने घासायचीही. बिल्डिंगमध्ये माणूस धार्मिक झाल्याची बातमी गेली आणि या वर्षीच्या सत्यनारायणाला यजमान म्हणून आमचं नाव नोटीस बोर्डावर लागलं. हिशेबही माझ्याकडेच, कारण मी अकाउंट्समधला.

काल रात्री जेवताना बेल वाजली. पूजा गच्चीत घ्यायची की पार्किंगमध्ये, यावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याची जुंपली होती. सेक्रेटरी दारात उभे होते. म्हणाले, ‘तुम्हीच चला खाली. तुम्ही हल्ली फार शांत असता असं सगळे म्हणतात. त्यांच्या काय शिव्या असतील त्या तुम्हाला देऊ देत.’