छत्री नेमकी कुणाची?

मालकीच्या बाबतीत इंग्रजी फार काटेकोर, असा एक समज शाळेपासूनच आपल्या डोक्यात भरला जातो. नामाआधी 'माय', नाम गाळलं की 'माइन'. 'युअर' आणि 'युअर्स', 'हर' आणि 'हर्स'. एवढं दुहेरी दप्तर ठेवणाऱ्या भाषेचा हिशेब चोखच असणार, असं कुणालाही वाटेल. माझं म्हणणं एवढंच, की हा चोखपणा नको तिथे आहे. जिथे मालकीवरून कुणाचंही भांडण नाही तिथे इंग्रजी शिक्का मारते, आणि खरा वाद असतो तिथे हात वर करते. मराठी माणूस नुसते 'हात धुतले' म्हणतो. शेजाऱ्याचे धुतले असतील, अशी शंका आजवर कुठल्याही पंगतीत कुणाला आलेली नाही. इंग्रजीत मात्र 'माय हँड्स' म्हटलं नाही तर मास्तर लाल शाई काढतात. स्वतःच्या नाकावरसुद्धा सातबारा लागतो!

आता खरा वाद पाहा. 'रामने श्यामला आपली छत्री दिली' म्हटलं की छत्री रामची, आणि 'त्याची छत्री दिली' म्हटलं की बहुधा श्यामची, म्हणजे रामने ती उशिरा का होईना परत केली. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज'. दान झालं की परतफेड, हे पावसालाच विचारायचं. तीच गत 'अवर'ची. 'आम्ही आमच्या गाडीने महाबळेश्वरला जाणार' हे ऐकून 'मजा करा' म्हणायचं असतं. 'आपल्या गाडीने जाऊ' ऐकलं की माळ्यावरचा स्वेटर काढायचा असतो. इंग्रजीत दोन्ही गाड्या 'अवर'च, त्यामुळे ऐकणाऱ्याने बॅग भरावी की नाही, हे दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही.

यावर कुणी म्हणेल, तुमचं 'माझा-माझी-माझे-माझ्या' काय कमी छळतं? टेबल नपुंसक आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, हे परक्याला कोणी समजावायचं? बरोबर आहे, तिथे 'माय' सगळ्यांना पुरतो, हे मान्य. पण इंग्रजीचं घरही काही आवरलेलं नाही. 'माय'ला 'माइन' मिळाला, 'हिज'ला मात्र नामाआधी आणि नामाशिवाय एकाच सदऱ्यावर भागवावं लागतं. निर्जीव वस्तूची कथा तर आणखी करुण. जुन्या इंग्रजीत तिचीही मालकी 'हिज'च सांगायचा. 'इट्स' उगवला सोळाव्या शतकाच्या अखेरीस, आणि 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलात तो मुळीच नव्हता. पुढेही बराच काळ भलेभले लोक त्यात अपॉस्ट्रॉफी खुपसत होते. आज तीच चूक केली की गुण कापतात. म्हणजे 1600 च्या अखेरच्या दिवशी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली, तेव्हा वस्तूच्या मालकीचं सर्वनाम अजून उमेदवारी करत होतं. त्यावाचून साहेबाचं काही अडलं नाही. 1661 च्या तहाने मुंबई राजाला हुंड्यात मिळाली, आणि 1668 साली त्याने ती वर्षाला 10 पौंड भाड्याने कंपनीला देऊनही टाकली. मुंबईला 'हिज' म्हणावं की 'इट्स', यावर मुंबईचं मत कुणी घेतल्याची नोंद नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही सर्वनामं मालकी सांगतच नाहीत, नुसतं नातं सांगतात. 'माय बॉस' म्हणणारा बॉस विकायला काढू शकत नाही. खरं आहे, आणि ठाण्याच्या फलाटावर 'माझी आठ-सतराची गेली' म्हणून हळहळणाऱ्याच्या नावावरही रेल्वे नसते. दुकानदार 'आपलंच दुकान आहे' म्हणतो तेव्हा पैसे न देता उठून पाहावं. पण मग नातंच सांगायचं असेल, तर हाताशी माणसाचं नातं जन्मजात असताना 'माय'चा हट्ट कशाला? या आक्षेपाने माझी बाजू बळकटच होते. नात्याची कमाल तर साहेबाच्या पत्रात दिसे: अख्खं पत्र हुकमाचं, आणि सहीच्या वर 'युअर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट'. जप्तीचा कागद पाठवणाराही स्वतःला आपल्या मालकीचं करून देई. आपण ही रीत आनंदाने उचलली. आता थकबाकीची नोटीससुद्धा 'आपला विश्वासू' पाठवतो; थकबाकीही आपलीच, त्याबद्दल मात्र दोन्ही भाषांत दुमत नाही.