शिरूर ते क्लब, व्हाया चौफुला

शिरूरला रेल्वे नाही आणि गे क्लबही नाही. पहिल्या उणिवेवर दर निवडणुकीत भाषणं होतात. दुसरीवर अजून एकही उमेदवार बोललेला नाही. त्यामुळे शिरूरच्या माणसाला नाचायला जायचं तर आधी दौंड गाठावं लागतं आणि तिथून मुंबई. दौंडला तरी क्लब आहे का, तर नाही. पण दौंडला जंक्शन आहे, माझा मित्र आहे आणि मित्राच्या घरी माणसाएवढा आरसा आहे. आमच्या घरचा आरसा दाढीपुरता. त्यात जेवढा मी दिसतो तेवढ्याला कपडे लागत नाहीत.

मुंबईतही ‘गे क्लब’ अशी पाटी सहसा कुठे नसते. क्लब नेहमीचाच, रात्र तेवढी आपली. कुलाब्याचं ‘व्हूडू’ हे आमच्या जुन्या मंडळींचं तीर्थक्षेत्र. तिथे शनिवारची रात्र आमच्या लोकांची, बाकीचे वार जगाचे. ते बंद पडलं. पुढे 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 377 कलमाच्या कचाट्यातून आम्हाला सोडवलं आणि पार्ट्यांची निमंत्रणं मोबाइलवर उजळ माथ्याने फिरू लागली. कायद्याची भीती गेली, पण निमंत्रणाच्या तळाशी एक ओळ आली : ‘ड्रेस कोड – फॅब्युलस’. शिरूरच्या कापड दुकानात मी हा शब्द उच्चारून पाहिला. दुकानदार म्हणाला, “त्या कंपनीचा माल आपण ठेवत नाही. सियाराम दाखवू का?”

मित्राने नमुन्यादाखल फोटो पाठवला. कुठल्याशा परदेशी क्लबातला गडी. अंगात जाळीदार टॉप, वरून छातीभर चामड्याचे पट्टे आणि पितळी कड्या. मॉलमध्ये म्हणे याला हजारो रुपये पडतात. मी फोटो मोठा करून पाहिला आणि शिरूरबद्दल मला एकदम अभिमान वाटला. जाळीचा बनियन आमच्याकडे आज्यापासून चालत आलाय. माझ्या चुलत्यांनी जन्मभर तो घालून कांद्याला पाणी दिलं. त्यांना कधी कुणी फॅब्युलस म्हटलं नाही. बनियन पांढराच मिळाला, तो रंगाची पुडी आणून काळा केला.

राहिले पट्टे. त्यासाठी बैलांच्या साजाचं दुकान होतंच. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये कायमचा हिरवा कंदील दिल्यापासून या धंद्याला बरे दिवस आहेत. म्हणजे न्यायालयाने मला आणि बैलांना, दोघांनाही मोकळं केलं. माझा नंबर पाच वर्षं आधी लागला एवढंच.

“बैल केवढाय?” दुकानदार.

“मध्यम.”

“छातीचा घेर?”

“अडतीस इंच.”

त्याने चष्म्यावरून पाहिलं. “मग वासरू म्हणा की.”

वासराच्या मापाचा पट्टा मिळाला, कड्या मिळाल्या आणि नको नको म्हणताना त्याने घुंगरंही लावून दिली. म्हणाला, “शर्यतीच्या घाटात सगळ्यांची नजर त्याच्यावरच पडली पाहिजे.” निमंत्रणातल्या त्या ओळीचा खुलासा इतक्या नेमकेपणाने मला मुंबईतही कुणी केला नव्हता.

खरं तर क्लबात काय घालावं, हा प्रश्न सोपाच आहे. अवघड आहे ते क्लबपर्यंत काय घालावं. शिरूरच्या स्टँडवर ओळखीचा माणूस भेटला नाही असं होत नाही. म्हणून वरून फिकट निळा हाफ शर्ट, खिशाला पेन आणि गळ्यात रांजणगाव एमआयडीसीतल्या कंपनीचं ओळखपत्र. असा माणूस पतसंस्थेच्या सभेला निघालाय, याबद्दल कुणाला शंका येत नाही.

एसटी लागली तशी मी खिडकीतून रुमाल टाकला. 1970 च्या दशकात अमेरिकेतले गे पुरुष मागच्या खिशात रंगीत रुमाल ठेवायचे. रंग कोणता आणि खिसा डावा की उजवा, यावरून आवडनिवड कळायची. आमच्याकडे रुमाल कुठल्याही रंगाचा असो, त्याचा अर्थ एकच : ही शीट धरलेली आहे. मी आत चढेपर्यंत माझ्या रुमालावर एक मावशी बसल्या होत्या.

न्हावरं गेलं, पारगावला भीमा ओलांडली आणि चौफुला आलं. इथे गाडी बदलायची. चौफुला लावणीच्या कला केंद्रांसाठी प्रसिद्ध. संध्याकाळी एकटा पुरुष इथे पिशवी घेऊन उतरला की तो कुठे निघालाय हे पुणे, नगर, सोलापूर तिन्ही जिल्ह्यांना न सांगता कळतं. उतरतो तर समोर नात्यातले मामा. पिशवी हातातून घ्यायला गेले आणि आत घुंगरं वाजली.

मामांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भाच्याबद्दल इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेली शंका फिटल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला.

“बाईंना न्यायचीत होय? हौशी निघालास लेका!” मग आवाज उतरवून, “ताईला मी नाही बोलायचो. तूपण मामीला बोलू नको, मी इथं भेटलो म्हणून.”

आमच्या कुळात बाईच्या नादाने जमीन विकणाऱ्याला रंगेल म्हणतात. मी अजून गुंठाभरही विकलेली नाही, तरी काळजी माझीच.

दौंड म्हणजे गणवेशाचं गाव. रेल्वेवाले, राज्य राखीव पोलीस दलाचे जवान, कुरकुंभच्या कारखान्यांतले हेल्मेटवाले. 1977 साली न्यूयॉर्कात ‘व्हिलेज पीपल’ नावाचा बँड निघाला. पोलीस, सैनिक, बांधकाम मजूर अशा वेशात ते नाचायचे आणि त्यांचं ‘वायएमसीए’ जगभरच्या गे क्लबांत अजून वाजतं. दौंडच्या फलाटावर शिफ्ट सुटताना तो सगळा संच फुकटात दिसतो, फक्त नाचत कुणी नाही.

मित्राची ताई शिवणकाम करते. तिला आमचं सगळं ठाऊक आहे आणि त्याचं काही वाटतही नाही. वाटतं ते फक्त वाकड्या शिवणीचं. मी पट्टा चढवून आरशासमोर उभा राहिलो. ताई चहा घेऊन आली, वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, “पोळा लांब आहे अजून.”

मित्राने कानात भिकबाळी अडकवली होती. अमेरिकेत एके काळी पुरुषाच्या उजव्या कानातल्या डुलाचा अर्थ लोक गे असा घ्यायचे. भिकबाळीही बहुतेक उजव्याच कानात असते. त्या हिशेबाने पुण्याची गणपतीची मिरवणूक पाहणाऱ्या अमेरिकनाचं काय होत असेल, देव जाणे. मित्राला खरं तर साडी नेसायची होती. ताईची हरकत साडीला नव्हती, निऱ्यांना होती. “नेसायची तर नीट नेस. बालगंधर्वांचं बघून बायका नेसायला शिकल्या आणि तू हे असलं बोचकं बांधतोस!” बालगंधर्वांच्या (1888–1967) साड्यांची आणि केशरचनेची घरोघर नक्कल व्हायची, ही तर इतिहासाची नोंदच आहे. गंमत अशी की मुंबईतल्या काही गे पार्ट्यांना पूर्वी बायकी वेशातल्या पुरुषाला मज्जाव असे. बालगंधर्व दारातूनच परत गेले असते. आता ड्रॅगच्या खास रात्री होतात. पुण्याच्या प्राइड मिरवणुकीच्या वेळी ‘सभ्य कपड्यांत या’ अशी सूचना निघाली होती, तेव्हा सभ्य म्हणजे काय यावर साग्रसंगीत पुणेरी वाद झाला. तो अजून मिटला असेल असं वाटत नाही.

शेवटी ताईने घुंगरं उसवली, पट्टा कमी केला, साडी ठेवून घेतली आणि आम्हाला गाडीत बसवलं. क्लबात इतका अंधार होता की जाळी कुणाला दिसली नाही, आणि दिव्याखाली आले ते बहुतेक सगळे काळ्या टी-शर्टात.

जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. दारावर बनियन चालतो, पट्टा चालतो, भिकबाळी चालते. पुरुषांच्या पायातली चप्पल बहुतेक क्लबांत चालत नाही. जून 2025 मध्ये प्रादाने मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मिरवली, हे बाउन्सरला समजावून उपयोग नाही. बूट घालून जा.